एका जीबीत काय मावतं?

गोंदिया जिल्ह्यातल्या शाळांत, वाचनालयांत आणि ग्रामपंचायतींत दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक अजून आहेत. काही टेबलावर कापडाखाली झाकलेले, काही कपाटावर चढवलेले. रॅम एक जीबी, फार तर दोन. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे या जुन्या यंत्रांपुढे आता दोनच वाटा उरल्या आहेत : भंगार किंवा लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली.

लिनक्सची वाट सोपी नाही. एक जीबीच्या यंत्रावर ते टाकायला घेतले की अनेकदा अर्ध्यावरच सगळे अडकते. त्यावर एक उपाय आहे : मेमरीतला मजकूर दाबून मेमरीतच ठेवायचा. त्याला झेडरॅम म्हणतात. हा उपाय गावातल्या शाळेसाठी करावा की करू नये, यावर दोन प्रामाणिक मते आहेत आणि दोन्ही मी मनापासून ऐकत आलो आहे. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद. गुरुजी हे सालेकसा तालुक्यात नोकरी करून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, ताई ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आमगावात संगणक दुरुस्त करणारी. दोन्ही पात्रे कल्पित आहेत, वाद मात्र खरा आहे.

गुरुजी : आधी मला हे सांग बेटा, गरिबाच्या लेकराच्या वाट्याला दर वेळी जुनंच का यावं? कुणीतरी टाकून दिलेलं यंत्र आम्ही झाडून-पुसून घ्यायचं, त्यावर लिनक्स चढवायचं आणि वर म्हणायचं, बघा, चालतं! आमच्या तालुक्यातल्या दरेकसाच्या पोराला आणि नागपूरच्या पोराला एकाच बोर्डाची परीक्षा द्यायची आहे. मग यंत्र वेगळं का?

ताई : वेगळं नसावंच, गुरुजी. त्यावर आपलं भांडण नाही. पण नव्या संगणकाचा प्रस्ताव शाळेतून पंचायत समितीत जाणार, तिथून जिल्हा परिषदेत, मग मंजुरी, मग निविदा. तोवर पाचवीतलं पोर आठवीत जातं. कपाटावरचा संगणक आज आहे.

गुरुजी : आहे म्हणून काय झालं? चालू केला की घरघरत बसतो. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, नाव टाकलं, निळी पट्टी अर्ध्यावर आली आणि माउसच हलेना. कधी ती इन्स्टॉलची खिडकी आपोआप गायब होते. पोरं समोर बसलेली असतात. त्यांना काय सांगायचं?

ताई : त्यांना कारण सांगायचं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालतं तेव्हा ते हार्डडिस्कला हात लावत नाही. चालताना जे काही नवीन लिहावं लागतं, ते सगळं रॅममध्येच लिहितं. एक जीबीतला काही भाग ग्राफिक्स आधीच खाऊन बसलेला असतो. मग डेस्कटॉप, त्यावर इन्स्टॉल करणारा प्रोग्राम. जागा संपते. जागा संपली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नाइलाजाने एखादा मोठा प्रोग्राम मारतो, आणि त्या वेळी सगळ्यात मोठा बहुधा इन्स्टॉलरच असतो. म्हणून खिडकी गायब होते. यंत्र खराब नसतं, पेनड्राइव्हही खराब नसतो.

गुरुजी : आणि तुझा झेडरॅम तिथे जादू करतो.

ताई : जादू नाही, हिशेब आहे. कर्नल मेमरीकडे चार-चार केबीची पानं म्हणून बघतो. जागा कमी पडली की जी पानं बराच वेळ कुणी उघडली नाहीत, ती एरवी हार्डडिस्कवरच्या स्वॅपमध्ये नेऊन टाकतो. झेडरॅम हा रॅममध्येच उभा केलेला नकली डिस्कचा तुकडा असतो. कर्नलला वाटतं पान डिस्कवर गेलं. खरं तर ते दाबलं जाऊन रॅमच्याच एका कोपऱ्यात बसतं. तुम्ही धानाच्या पट्ट्यातले, तुम्हाला लगेच कळेल. तणस मोकळं पसरलं तर अख्खं खळं अडवतं, बेलरने गठ्ठे बांधले की तेच तणस एका कडेला मावतं. तणसाची काडीही कमी होत नाही, मधली हवा तेवढी जाते. मेमरीच्या पानांत अशी हवा पुष्कळ असते. शून्यांच्या लांबच लांब रांगा असतात, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा आलेले असतात. जे पान सगळंच शून्याचं असतं, त्याचा मजकूर ठेवायला तर झेडरॅम जागाच घेत नाही, फक्त नोंद ठेवतो.

गुरुजी : म्हणजे पान दाबायचं, लागलं की उलगडायचं. त्याला प्रोसेसर खपतो ना? आधीच तो प्रोसेसर म्हातारा.

ताई : खपतो. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कला एखादं पान शोधून आणायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे दहा हजार मायक्रोसेकंद. तेच पान एलझेडफोरसारख्या हलक्या पद्धतीने उलगडायला जुन्या प्रोसेसरलाही काही मायक्रोसेकंद पुरतात. घरघर ऐकू येते ती डिस्कच्या धावपळीची असते. ती धावपळ वाचली की म्हातारा प्रोसेसरही पोराच्या बोटाबरोबर चालतो.

गुरुजी : ऐकायला छान आहे. पण असल्या गोष्टींनी लोक आधी फसले आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत सॉफ्टरॅम ९५ नावाचा प्रोग्राम विकला गेला. रॅम दुप्पट करतो म्हणायचे. लाखो प्रती खपल्या. जर्मनीतल्या सी-टी मासिकाने आणि मार्क रुसिनोविच यांच्यासारख्या जाणकारांनी तो उघडून पाहिला, तर दाबण्याचं काम तो करतच नव्हता. शेवटी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कारवाई केली. आज मोबाइलच्या खोक्यावर 'आठ जीबी अधिक आठ जीबी' लिहितात, तेही मला त्याच जातीचं वाटतं.

ताई : मोबाइलच्या खोक्यावरचं ते दुसरं 'आठ' बहुतेक वेळा साठवणुकीतून कापून घेतलेलं असतं. ते रॅम नव्हे, हे तुमचं बरोबर आहे. सॉफ्टरॅमचंही बरोबर आहे. म्हणूनच मी दोन गोष्टी मागते. एक, आतलं काम कुणालाही वाचता आलं पाहिजे. दोन, खरंच किती दाबलं गेलं ते मोजता आलं पाहिजे. झेडरॅम दोन्हीत उतरतो. नितीन गुप्ता या प्रोग्रामरने कॉम्पकॅश नावाने हे काम सुरू केलं. २०१० मध्ये ते लिनक्स कर्नलच्या चाचणी विभागात आलं, आणि २०१४ मध्ये ३.१४ या आवृत्तीत पक्क्या विभागात गेलं. त्याची ओळ न् ओळ उघडी आहे.

गुरुजी : आणि मोजायचं कसं?

ताई : झेडरॅम-सीटीएल नावाचा हुकूम आहे. तो दिला की एक छोटा तक्ता येतो. 'डेटा' या रकान्यात मूळ मजकूर किती ते दिसतं, 'कॉम्प्र' मध्ये दाबल्यावर किती उरला, आणि 'टोटल' मध्ये सगळा जमाखर्च धरून रॅमची खरी जागा किती गेली. समजा डेटा ६०० एमबी आणि टोटल २०० एमबी, तर तिप्पट दाबलं गेलं. टोटल ५०० असेल तर फारसा फायदा नाही, मग तो नाद सोडायचा. पाचवीचं पोरही हा भागाकार करू शकतं. मी तर म्हणते, त्याच्याकडूनच करून घ्या.

गुरुजी : बरं, मग मला सरळ हिशेब दे. एक जीबीचे किती होतात?

ताई : एक जीबी रॅममध्ये आपण एक जीबीचा झेडरॅम बांधला. बांधल्याबरोबर तो जागा खात नाही, इथेच अनेकांचा गोंधळ होतो. रिकामा असताना तो आपल्या आकाराच्या जेमतेम हजारातला एक भाग घेतो. आता तो पूर्ण भरला आणि दोनास एक असा दाबला गेला, असं धरा. आतल्या १,०२४ एमबीला ५१२ एमबी जागा लागली. बाहेर ५१२ एमबी मोकळी राहिली. दोन्ही मिळून १,५३६ एमबीचं काम झालं, म्हणजे दीडपट. तीनास एक दाबला गेला तर सुमारे १,७०० एमबी. कर्नलच्या कागदपत्रांतही दोनास एक हेच प्रमाण धरलं आहे, आणि रॅमच्या दुपटीपेक्षा मोठा झेडरॅम बांधण्यात अर्थ नाही असं तिथे लिहिलं आहे.

गुरुजी : दीडपट. म्हणजे एक जीबीचे चार जीबी होत नाहीत.

ताई : कधीच होत नाहीत. जो होतात म्हणेल त्याला दारातून परत पाठवा. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या मार्गदर्शिकेत डेस्कटॉपसह चालवायला किमान एक जीबी आणि बरी सोय हवी असेल तर दोन जीबी असं लिहिलेलं असायचं. आपलं यंत्र किमान रेषेवर उभं आहे. झेडरॅम त्याला तिथून थोडं वर उचलतो. अडकणारा इन्स्टॉल पार व्हायला तेवढं पुरतं.

गुरुजी : पण ते करायचं कधी? लिनक्स बसल्यावर ना? अडतं तर बसवतानाच.

ताई : म्हणून तर बसवायच्या आधी करायचं. हेच नेमकं बहुतेक जण विसरतात. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झालं की इन्स्टॉलचं बटण दाबायचं नाही. आधी टर्मिनल उघडायचं. मॉडप्रोब या हुकुमाने झेडरॅम जागा करायचा. मग झेडरॅम-सीटीएलने एलझेडफोर ही पद्धत सांगायची आणि एक जीबीचा तुकडा मागायचा. क्रमाला महत्त्व आहे : पद्धत आधी, आकार नंतर. हाताने करताना आकार आधी दिला आणि मग पद्धत बदलायला गेलात, तर कर्नल 'डिव्हाइस बिझी' म्हणून नकार देतो. त्यानंतर मेकस्वॅप, आणि शेवटी वरची प्राथमिकता देऊन स्वॅपऑन. आता इन्स्टॉल सुरू करायचं. चार ओळींचं काम आहे. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने तर हे आपल्या ॲनाकोंडा इन्स्टॉलरमध्येच घालून ठेवलं. रॅम कमी दिसली की तो स्वतःच झेडरॅम चालू करायचा. ते उपयोगी पडतं हे पाहून ऑक्टोबर २०२० च्या फेडोरा ३३ पासून सगळ्याच यंत्रांवर तो मुळातच चालू येऊ लागला.

गुरुजी : सगळ्याच? ज्यांच्याकडे भरपूर रॅम आहे त्यांच्याही?

ताई : त्यांच्याही. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, गुरुजी. ही गरिबाच्या यंत्राला लावलेली ठिगळं नाहीत. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्समध्ये मेमरी दाबायला सुरुवात केली. विंडोज १० मध्ये ती २०१५ पासून आहे. अँड्रॉइडने २०१३ मध्ये ४.४ ही आवृत्ती काढली तेव्हा ५१२ एमबीच्या फोनांवर ती चालावी म्हणून झेडरॅमचाच आधार घेतला. तुमच्या खिशातला फोनही बहुतेक हेच करतो आहे. लाखाच्या लॅपटॉपला जे चालतं ते आपल्या शाळेच्या यंत्राला कमीपणाचं कसं होईल?

गुरुजी : लाखाच्या लॅपटॉपला ते वरचं लोणी आहे. आमच्या यंत्राला ती भाकरी आहे. फरक आहे. आणि मला या राज्यातला इतिहास माहीत आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या चळवळीचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप, २५६ एमबी रॅम, आत लिनक्स. पुढे सरकारचा स्वस्त 'आकाश' टॅबलेट आला. २०१२ च्या आकाश-दोनमध्ये ५१२ एमबी होते. आयआयटी मुंबईने त्यावर एसडी कार्डावरून चालणारं लिनक्सही करून दाखवलं. आज ते सगळं कुठे आहे? यंत्र आलं, फोटो निघाले, योजना गुंडाळली गेली.

ताई : यंत्रं गेली, खरं आहे. काम गेलं नाही. एक्सओमध्ये हार्डडिस्क नव्हती, एक जीबीची फ्लॅश चिप होती. फ्लॅशवर सारखं स्वॅप लिहिलं तर ती झिजून मरते. कमी मेमरीत, डिस्कवर न लिहिता कसं भागवायचं, हा प्रश्न अशा यंत्रांनी जगापुढे ठेवला आणि कॉम्पकॅश त्याच काळात उभा राहिला. आज एसडी कार्डावर चालणारे छोटे बोर्ड झेडरॅम वापरतात ते याचसाठी, कार्ड झिजू नये म्हणून. आणि आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल अजून आहेत. लिनक्सपासून लिबर ऑफिसपर्यंतचे धडे मराठी आवाजात आहेत.

गुरुजी : धडे आहेत हे बरं झालं, कारण माझा खरा आक्षेप तिथेच आहे. तू यंत्र चालू करून देशील. पुढे? आजच्या वेबसाइट एक जीबीत उघडत नाहीत. धान खरेदीची नोंदणी ऑनलाइन, सातबारा ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन. पोरांनी त्या यंत्रावर करायचं काय? पेंट?

ताई : ब्राउझरच्या बाबतीत मी हात टेकते. एक-दोन टॅब चालतील, त्याही हळू. व्हिडिओ आणि फोटो आधीच दाबलेले असतात, त्यांच्या मजकुरात काढायला हवा उरलेली नसते. जड वेबसाइट आणि ऑनलाइन अर्ज यांसाठी हे यंत्र नाही, हे मी आधीच सांगेन. पण मराठीत युनिकोडने टाइप करणं, लिबर ऑफिसात अर्ज आणि ताळेबंद करणं, जीकॉम्प्रीवर लहानग्यांचे गणिताचे खेळ, टक्सपेंट, कीविक्सवर इंटरनेटशिवाय मराठी विकिपीडिया, बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, आणि पायथॉनचे पहिले धडे, एवढं सगळं एका जीबीत मावतं. इन्स्क्रिप्टचा कळफलक विंडोजवर असतो तसाच इथे असतो. बोटांना बसलेली सवय पुढे नोकरीत वाया जात नाही.

गुरुजी : आणि वीज? मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, वीज कधी जाईल याचा नेम नाही. जुनी यंत्रं वीज खातात. शाळेचं बिल कोण भरतं, हे मुख्याध्यापकाला विचार.

ताई : इथेही मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. पेंटियम फोरची जुनी खोकी मी लावायला सांगणार नाही. ती तापतात, वीज पितात आणि त्यातली बरीच ३२ बिटची असतात. डेबियनच्या १३ व्या आवृत्तीने, ऑगस्ट २०२५ मध्ये, ३२ बिटच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. अशी यंत्रं ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावीत, कबाडीकडे नाही. मी बोलते आहे ते २०१० नंतरच्या ६४ बिटच्या यंत्रांबद्दल आणि छोट्या नेटबुकबद्दल. नेटबुकला बॅटरी असते, वीजही थोडी लागते. पण वीज गेली तर झेडरॅममधलं सगळं जातं, कारण ती शेवटी रॅमच. हायबरनेटही झेडरॅमवर होत नाही, त्याला डिस्कवरचा स्वॅप लागतो. म्हणून दर काही मिनिटांनी फाइल सेव्ह करायची सवय पोरांना पहिल्या दिवशीच लावायची.

गुरुजी : मग रॅमच वाढव ना. एवढा उपद्व्याप कशाला?

ताई : वाढवता येत असेल तर तेच पहिलं करावं. झेडरॅम हा रॅमला पर्याय नाही. जुनी रॅम बदलायला स्लॉट आहे का ते मी आधी उघडून बघते. पण कित्येक नेटबुकांत ती बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, काढता येत नाही. आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. फिरत्या डिस्कऐवजी छोटी एसएसडी बसवता आली तर तीही बसवावी. पैसे असतील तिथे पैशाने सोडवा. जिथे नाहीत तिथे चार ओळींनी सोडवा.

गुरुजी : तुझ्या चार ओळी यंत्र बंद केलं की पुसल्या जातात का?

ताई : पेनड्राइव्हवर दिल्या असतील तर जातात. म्हणून लिनक्स बसल्यावर कायमची सोय करायची. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज आहे. त्याच्या एका छोट्या फाइलमध्ये रॅमच्या किती टक्के आणि कोणती पद्धत एवढंच लिहायचं असतं. डिस्कवरही थोडा स्वॅप ठेवायचा, पण त्याला खालची प्राथमिकता द्यायची, म्हणजे झेडरॅम भरल्यावरच तिकडे जाईल. स्वॅपिनेस, म्हणजे कर्नलचा स्वॅपकडचा कल, वाढवून शंभर किंवा वर न्यायचा, कारण आता स्वॅप स्वस्त आहे. झेडस्वॅप नावाची पानं दाबणारी दुसरी सोय असते, ती चालू असेल तर बंद करायची. दोघांना एकाच कामाला लावू नये. आणि डेस्कटॉप हलका घ्यायचा, एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई.

गुरुजी : तू एवढं प्रामाणिकपणे सांगतेस म्हणून मी माझी खरी भीती सांगतो. उद्या साहेब शाळेत येतील. संगणक चालू दिसेल. अहवालात लिहितील, 'संगणक सुस्थितीत, मागणी नाही.' तुझ्या झेडरॅममुळे माझ्या पोरांचा नवीन संगणक गेला. कमी भाकरीत भागवणाऱ्याला कमीच भाकर मिळते, हे मी अख्ख्या नोकरीत पाहिलं आहे.

ताई : याला माझ्याकडे तांत्रिक उत्तर नाही, गुरुजी.

गुरुजी : मग माझी अट ऐक. यंत्राच्या मॉनिटरवर एक कागद चिकटव. वर लिही : हे यंत्र इतक्या वर्षांचं आहे, रॅम इतकी आहे, मेमरी दाबून चालवलं आहे. खाली दोन रकाने कर. यावर काय होतं, आणि काय होत नाही. दुसऱ्या रकान्यात ऑनलाइन अर्ज, व्हिडिओचे धडे, ऑनलाइन परीक्षा, सगळं लिही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो कागद इतिवृत्तात घे. साहेब आले की त्यांना पहिल्या रकान्याबरोबर दुसराही वाचावा लागेल.

ताई : मान्य. आणि झेडरॅमच्या तक्त्याची नोंद पोरांनी महिन्याला एकदा वहीत करायची. मागणीला आकडे जोडलेले असले की ती फेटाळणं अवघड जातं.

गुरुजी : तरीही जुनं यंत्र हा न्याय आहे, असं मी म्हणणार नाही.

ताई : मीही म्हणत नाही. बंद यंत्र हा त्याहून मोठा अन्याय आहे, एवढंच म्हणते.

इथे संवाद थांबतो, कारण पुढचे दोघांनाही पटवून संपणारे नाही. माझा निकाल मी देतो. यंत्राच्या बाबतीत ताईचे म्हणणे खरे आहे. मेमरी दाबून वापरणे ही तपासलेली, जगभर रोज चालणारी पद्धत आहे. एक जीबीच्या ६४ बिट यंत्रावर लिनक्स बसवायचे असेल, तर ती इन्स्टॉलच्या आधी चालू करणे हाच शहाणपणाचा क्रम आहे. मिळते ते दीडपट, क्वचित त्याहून थोडे अधिक. यापेक्षा जास्त वचन कुणी देऊ नये आणि कुणी घेऊ नये. मुलांच्या हक्काच्या बाबतीत गुरुजींचे म्हणणे खरे आहे. चालते केलेले जुने यंत्र नव्या यंत्राची मागणी रद्द करण्याचे कारण होता कामा नये. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव इथल्या शाळेतल्या मुलांचा राज्याच्या तिजोरीवर पुण्या-मुंबईतल्या मुलांइतकाच हक्क आहे, आणि तो मागताना आवाज खाली ठेवण्याचे कारण नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावातल्या शाळेने किंवा वाचनालयाने जुने संगणक भंगारात काढण्याचा ठराव केला असेल, तर तो अंमलात येण्यापूर्वी एक दुपार मागून घ्या. प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते बघा, रॅम वाढवता येते का ते बघा. येत नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, झेडरॅम चालू करा आणि मगच इन्स्टॉलला हात घाला. चालले तर दोन रकान्यांचा तो कागद मॉनिटरवर लावा, आणि नव्या संगणकाच्या मागणीचा अर्ज त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या सहीने पंचायत समितीत द्या. लिनक्सला आणि झेडरॅमला एक रुपयाही लागत नाही. करून दाखवणारा माणूस मात्र लागतो, आणि तुमच्या गावात तो बहुधा तुम्हालाच व्हावे लागेल.